पद आधी की तलवार आधी?

गॅदरिंगला कोणते नाटक बसवावे यावरून आमच्या नाट्यमंडळात दोन तट पडले. शहापूरकडच्या मुलांना वि. वा. शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला' मधले प्रवेश हवे होते. मुरबाडकरांचे म्हणणे, सिद्धगड आपल्या तालुक्यात असताना झाशीला कशाला जायचे? मी पडलो पेटीवाला. माझे मत कोणी विचारले नाही, म्हणून ते येथे लिहितो.

'वीज म्हणाली धरतीला' हे १९७० चे नाटक. विषय १८५७ चा उठाव, नायिका राणी लक्ष्मीबाई. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले, दत्तक नामंजूर झाले, १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने वेढा घातला आणि जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडली. झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेला माणूस आपल्या कोकणातलाच, वरसईचे विष्णुभट गोडसे. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. त्यांचा वृत्तान्त 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध केला तो चिंतामणराव वैद्यांनी, म्हणजे कल्याणच्या माणसाने. आपली मुरबाडची एस.टी. सुटते तेच हे कल्याण!

"लढाईत कोणी गाते का हो?" असा एक आक्षेप नेहमी निघतो. गात नाही, कबूल. पण तलवार नाटकाचा काळ पुढे ढकलते आणि पद तो धरून ठेवते. किल्ला सोडायचा ठरल्यावर राणीच्या मनात जे चालले असेल, ते बोलायला गद्यात चार मिनिटे घेतली तर प्रेक्षक खोकू लागतील. पदात तोच प्रेक्षक आणखी मागतो. वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभी'ने १९२७ मध्ये, भर इंग्रजी अमलात, स्वातंत्र्याची गोष्ट रंगभूमीवरून सांगितली. मास्टर दीनानाथांच्या गळ्यातली ती पदे अजून मैफलीत ऐकू येतात.

अडचण आहे ती दमाची. दोन मिनिटे तलवार फिरवलेल्या माणसाला षड्जही नीट लागत नाही. म्हणून पद आधी, तलवार नंतर. आणि हातघाई बसवायची ती मोजून. आम्ही तीनतालाच्या सोळा मात्रांवर वार बसवले, शेवटचा घाव समेवर. तबला चुकला तर खरोखरच बोटावर बसतो! तलवारी लाकडी, वर बेगड. घोडा विंगेत, नारळाच्या दोन करवंट्यांचा.

आता सिद्धगड. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये विजेचे मनोरे पाडले, मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडण्यासाठी. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई आणि हिराजी पाटील गोळीला बळी पडले. ही क्रांती तलवारीची नव्हे, करवतीची. रात्री, आवाज न करता केलेली. तेथे पेटीवर हात ठेवला तर सारा प्रसंगच खोटा होईल. माझे मत हे, की झाशीला पद हवे आणि सिद्धगडाला शांतता हवी. शेवटी तसेच ठरले. झाशीचे दोन प्रवेश, सिद्धगडचा एक, बिनपदाचा.

राणीच्या कामाचा मात्र प्रश्न राहिला. जिचा गळा होता ती धसईकडची, आणि अंधाराच्या आत घरी, ही घरची अट. पद रंगात येई तोच ती एस.टी.साठी पळे. काम दुसरीला द्यावे असे बोलणे सुरू झाले. तेव्हा एके संध्याकाळी तिचे वडीलच येऊन मागच्या बाकावर बसले. पद संपेपर्यंत उठले नाहीत. हातघाईही पाहिली. गाडी केव्हाच गेली होती.

"उद्यापासून मीच न्यायला येतो," ते सरांना म्हणाले. "पण त्या गोऱ्या सायबाला सांगा, तलवार जरा लांब धर म्हणावं."