गाणं त्यांचं, मत आमचं

मैत्रिणींनो, एखादं गाणं ऐकून झालं आणि कुणी विचारलं, 'कसं वाटलं?' तर आपण काय म्हणतो? 'छान आहे.' बस्स! साडी छान, भाजी छान, गाणंही छान. क्रिकेटच्या मॅचवर घरातले पुरुष तासभर वाद घालतात, त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही बॅट कधी हातात धरली होती का. गाण्यावर मत द्यायचं म्हटलं की मात्र आपल्याला वाटतं, ते जाणकारांचं काम. सूर-ताल कळायला हवा.

आमच्या पडेगावच्या महिला मंडळात दर महिन्याला बचत गटाचा हिशेब झाला की अर्धा-पाऊण तास उरतो. या वेळी मी म्हटलं, गाणी लावू या आणि त्यावर बोलू या. अट एकच, 'छान' म्हणेल तिला दोन रुपये दंड.

गाणी निवडली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांची. 'आयुष्यावर बोलू काही' हा त्यांचा कार्यक्रम 2003 मध्ये सुरू झाला. रिमिक्सचा धुमाकूळ होता तेव्हा. अशा दिवसांत एक कवी स्वतःची कविता घेऊन स्वतःच माइकसमोर उभा राहतो, शेजारी डॉक्टरकी शिकलेला संगीतकार पेटी घेऊन बसतो, आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतात! त्याच नावाची सीडी मग घराघरात पोचली. इंग्रजीत अशा गायकांना सिंगर-साँगरायटर म्हणतात, असं माझी मुलगी सांगते. तिच्या मोबाइलमध्ये आयर्लंडचा डेमियन राइस असतो. त्याचा 'ओ' नावाचा अल्बम 2002 मधला, म्हणजे जवळपास याच काळातला. मला त्याचे शब्द फारसे कळत नाहीत, पण माणूस कळवळून गातो एवढं नक्की.

तर पहिलं गाणं लावलं 'नसतेस घरी तू जेव्हा'. ती घरात नाही आणि त्याचा जीव कशातच लागत नाही, असं ते गाणं. माझ्या फार आवडीचं. संपल्यावर दोन मिनिटं कुणी बोलेना. मग वाळूजला कंपनीत कामाला जाणारी एक जण म्हणाली, "ताई, मी माहेरी गेले की आमच्याकडूनही फोन येतो. तूरडाळ कुठल्या डब्यात आहे म्हणून." सगळ्या खो खो हसल्या. तिने पुढे जे विचारलं त्याने मात्र मी चमकले. "या गाण्यातल्या बाईला घरी आल्यावर कळतं का हो, की तो असा झुरत होता? का तो नुसतं गाणंच म्हणतो?"

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या असतील. त्या म्हणाल्या, "मला तर ते बाईनंच म्हटल्यासारखं वाटलं गं. आमचे हे गेले तवापासून माझं असंच होतंय." गाणं पुरुषाच्या आवाजात, शब्दही पुरुषाचे, पण आजींनी ते सरळ उचलून आपलं केलं. एवढी वर्षं मी ते गाणं ऐकते आहे, माझ्या हे कधी मनात आलं नव्हतं.

नंतर 'मी मोर्चा नेला नाही' लावलं. ते संदीप खरे यांचंच. कशातच न पडणाऱ्या, साधं सरळ जगून घेणाऱ्या माणसावर त्यात मिस्कील टोला आहे. इथे मात्र आमचं जमलं नाही. "आपण तर नेला होता की! रिकामे हंडे घेऊन!" म्हणत बायका पाण्याच्या मोर्चाच्या आठवणींत रमल्या, गाणं राहिलं बाजूला. ज्यांना नळाला पाणी यावं म्हणून दिवसाचा रोज बुडवावा लागतो, त्यांना 'काही न करणाऱ्या माणसाचं' दुःख कसं समजावं? गाण्याचा दोष नाही, बायकांचा तर नाहीच.

शेवटी याच जोडीचं 'दमलेल्या बाबाची कहाणी'. कामावरून उशिरा येणारा बाप आणि वाट पाहून झोपी गेलेली लेक. हे ऐकताना डोळे पुसणारे भलेभले पुरुष मी पाहिले आहेत. आमच्याकडेही पदर डोळ्यांना लागलेच. पण पोळ्यांची कामं करणारी एक मैत्रीण कोरडीच बसली होती. पहाटे पाचला घर सोडते ती. म्हणाली, "बाबा दमला तर त्याचं गाणं होतं. मी दमले तर 'आज भाजी का नाही केली' होतं. माझीपण लेक झोपलेलीच असते की मी निघते तवा."

त्यावर कुणी 'गाणं वाईट' असं म्हटलं नाही. तिनेही नाही. उलट "पुन्हा एकदा लावा" असं तीच म्हणाली आणि दुसऱ्यांदा ऐकताना रडली.

मग ओव्यांचा विषय निघणारच होता. दमलेल्या आईचं गाणं कुणी केलं नाही असं थोडंच आहे? आजींना जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ आहेत. शब्द बाईचे, चाल तिची, गळा तिचा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी शेतात आणि घरकाम करता करता गाणी रचली. त्या 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. पण या बायकांसाठी कुणी तिकीट काढलं नाही, त्यांच्या नावाची सीडी घरात नव्हती. गाणाऱ्या बहुतेकींची तर नावंही आपल्याला सांगता येणार नाहीत.

आजींनी दोन ओव्या म्हटल्या. आवाज फाटत होता, मध्येच धाप लागत होती. पोळ्यांची कामं करणारी ती मैत्रीण म्हणाली, "आजी, ही मोबाइलमध्ये भरून द्या मला. पहाटे रिक्षात ऐकीन."

पुढच्या महिन्यात वामनदादा कर्डक ऐकायचे ठरले आहेत. गटातल्याच एका मैत्रिणीचा आग्रह. लिहिणारेही तेच आणि गाणारेही तेच. तिच्या वडिलांच्या जुन्या कॅसेटी माळ्यावर आहेत, टेपरेकॉर्डर मात्र शोधावा लागेल. आणि हो, दंडाचे बारा रुपये जमले. त्यातले चार माझे!