सांडपाण्याचा बर्फ

डिसेंबर २०१२. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ‘ॲरिझोना स्नोबोल’ या स्की रिसॉर्टवर यंत्रांनी पहिल्यांदा बर्फ पाडला आणि तो चक्क पिवळसर निघाला! रिसॉर्टवाले म्हणाले, नव्या यंत्रणेतला गंज आहे. पण लोकांच्या मनात जे यायचं ते आलंच. कारण हा बर्फ फ्लॅगस्टाफ शहराच्या सांडपाण्याचा होता. प्रक्रिया केलेलं, पण शंभर टक्के सांडपाणीच.

अशी वेळ का आली? ॲरिझोना म्हटलं की आपल्याला वाळवंट आठवतं, पण तिथे सॅन फ्रान्सिस्को पीक्स नावाचे साडेबारा हजार फुटांवर जाणारे डोंगर आहेत. १९३८ पासून तिथे लोक स्कीइंग करतात. मात्र बर्फाचा भरवसा नाही. १९९२-९३ मध्ये ४६० इंच बर्फ पडला आणि हंगाम १३० दिवस चालला. २००१-०२ मध्ये पडला ८७ इंच, स्की करता आलं फक्त ४ दिवस! आता या चार दिवसांवर पगार कोणाचे आणि कसे करायचे, सांगा.

यावर उपाय म्हणजे स्नोगन. दाबाखालची हवा आणि पाणी थंडीत फवारायचं, थेंब खाली पडेपर्यंत गोठतात. ऐकायला सोपं आहे. पण एक एकर उतारावर फूटभर थर द्यायला सहा लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे साठ टँकर. आणि खरी गोची पुढेच आहे. डोंगरावर पडलेला बर्फ हीच तिथली पाण्याची टाकी. तो वितळतो, तेव्हा ओढे वाहतात, जमिनीत पाणी मुरतं. म्हणजे ज्या वर्षी बर्फ कमी, त्याच वर्षी यंत्राला पाणी जास्त हवं आणि त्याच वर्षी गावातही पाणी कमी!

फ्रान्समध्ये ला क्लुझाच्या तळ्यावरून असंच पेटलं. २०२२ च्या भीषण दुष्काळानंतर तिथे मुख्यतः कृत्रिम बर्फासाठी नवं तळं खोदायला परवानगी मिळाली आणि महिनाभरात न्यायालयानं ती रोखून धरली.

स्नोबोलनं पिण्याच्या पाण्याला हात लावला नाही. सुमारे चोवीस किलोमीटरची पाइपलाइन टाकून रोज ५७ लाख लिटरपर्यंत सांडपाणी वर न्यायचं ठरलं. हुशारी आहे, नाही म्हणता येणार नाही. हेच पाणी शहरातल्या बागांना आणि गोल्फच्या मैदानांनाही देतात.

पण हा डोंगर नुसता डोंगर नाही. होपी, नवाहो यांच्यासह तेरा आदिवासी जमाती त्याला पवित्र मानतात. होपींचे पाऊस आणणारे ‘काचिना’ तिथे राहतात. नवाहो वैदू तिथून औषधी वनस्पती आणतात. शहराच्या गटारात दवाखान्यांचं आणि शवागारांचंही पाणी येतं. ते डोंगरावर पडलं की सगळं बाटलं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय प्रक्रियेनंतरही औषधांचे अंश उरतात, ही भीती वेगळीच. जमीन सरकारी वनखात्याची, म्हणून त्यांनी सरकारवर दावा लावला.

२००७ मध्ये ते जिंकले. न्यायमूर्ती विल्यम फ्लेचर यांनी निकालात विचारलं होतं, की सरकारनं बाप्तिस्मा अशाच पाण्यानं करायला लावला तर ख्रिस्ती लोकांना काय वाटेल? तुम्ही गावच्या देवाचा अभिषेक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे प्रश्न कळेल. पण २००८ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं निकाल फिरवला. त्यांच्या मते दुखावली ती फक्त भावना; पूजा करायला तर कोणी अडवलेलं नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

‘सांडपाणी तर आहे, वापरलं तर बिघडलं कुठे?’ हा प्रश्न आपल्याकडेही येऊन गेलाय. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. आयपीएलच्या खेळपट्ट्यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. क्रिकेटवाले म्हणाले, आम्ही प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. तरी न्यायालयानं एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. पाणी कुठलं यापेक्षा लोक तहानलेले असताना ते कशावर ओततोय, हे तिथे मोठं ठरलं. ॲरिझोनात न्यायालयानं दुसऱ्या बाजूनं कौल दिला.

होपी थांबले नाहीत. त्यांनी राज्याच्या न्यायालयात नवा दावा लावला, तोही २०१८ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. स्नोगन चालूच आहेत. फक्त राज्याच्या नियमानुसार असं पाणी वापरतात तिथे पाटी लावावी लागते, की हे पाणी पिऊ नका. बर्फाचा गोळा करून तोंडात टाकायची सवय असलेल्या पोरांना ती पाटी कोण वाचून दाखवतं, कोणास ठाऊक.