पगाराचं सॉफ्टवेअर घेताना

पगाराचं सॉफ्टवेअर घेताना छोटे व्यावसायिक आधी किंमत विचारतात. मी आधी फेब्रुवारीचं पगारपत्रक काढून दाखवायला सांगेन. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300. महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर तो माफ. परराज्यातल्या नियमांवर बेतलेलं चकचकीत पॅकेज नेमकं इथेच अडखळू शकतं.

चार-पाच माणसांना एक्सेल पुरतं, हा आक्षेप खोटा नाही. पण दहाव्या माणसाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि विसाव्याला पीएफ दारात उभा राहतो. दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, उशिरावर व्याज. (एक्सेलची सूत्रं लिहिणारा अकाउंटंट तोवर टिकला तर नशीब!) आपला सगळा डेटा कधीही बाहेर काढता येईल, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.