घटक 6 : यंत्रस्वर आणि प्रतीक्षेचा काळ – थरारपट व प्रवासपटांतील इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत

6.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत कसे निर्माण होते, ते सोप्या शब्दांत सांगता येईल.
• थरारपट आणि प्रवासपट या दोन्ही प्रकारांना हे संगीत का मानवते, याची कारणमीमांसा करता येईल.
• मुंबईच्या चित्रपटसंगीतात झालेले स्थित्यंतर कला आणि श्रम अशा दोन्ही बाजूंनी समजून घेता येईल.
• ऐकलेल्या पार्श्वसंगीताचे नेमक्या मराठीत वर्णन करता येईल.

6.1 प्रास्ताविक

अभ्यासक मित्रहो, चित्रपटातील गाणे आपण लक्ष देऊन ऐकतो. पार्श्वसंगीत मात्र बहुधा आपल्या नकळत कानांवर पडत राहते. दृश्य संपल्यावर छाती धडधडत असते. पण ती कशाने धडधडली हे विचारले, तर आपण नटाचा चेहरा, अंधार, धावती गाडी यांकडे बोट दाखवतो, ध्वनीकडे क्वचितच. भाषेचेही असेच असते. बोलणाऱ्याचा हेल, त्याचे थांबणे, शब्द लांबवणे यांचा आपल्यावर परिणाम होतो, पण आपल्या लक्षात राहतात ते शब्दच. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने पार्श्वसंगीताकडे वळणे अस्थानी नाही.

या घटकात आपण दोन चित्रपटप्रकारांचा विचार करणार आहोत. पहिला थरारपट, म्हणजे संकट टळणार की कोसळणार या प्रश्नावर प्रेक्षकाला खिळवून ठेवणारा चित्रपट. दुसरा प्रवासपट, ज्याला आपण सर्रास 'रोड मूव्ही' म्हणतो. त्यात रस्ता हाच कथेचा कणा असतो. वरवर पाहता या दोहोंत साम्य दिसत नाही. तरीही 1970च्या दशकापासून दोघांनीही यंत्राच्या स्वराला जवळ केले. असे का झाले, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

6.2 विषय-विवेचन

6.2.1 यंत्रस्वर म्हणजे काय?

बासरीचा स्वर फुंकीने निर्माण होतो, सारंगीचा गजाने, संबळाचा काठीच्या आघाताने. सिंथेसायझरमध्ये विजेचा प्रवाह ठरावीक वेगाने आंदोलित केला जातो आणि ते आंदोलन ध्वनिवर्धकातून ऐकू येते. त्या कच्च्या ध्वनीतील काही अंश गाळून काढला की स्वर मऊ होतो. गाळणी उघडत नेली की तोच स्वर धारदार होतो. याला जोड मिळाली सिक्वेन्सरची. हे उपकरण आठ-दहा स्वरांची एक ओळ लक्षात ठेवते आणि बटण बंद करेपर्यंत तीच ओळ त्याच लयीत वाजवत राहते. मिनीमूग हा सुटसुटीत सिंथेसायझर 1970मध्ये बाजारात आला आणि प्रयोगशाळेतील हे तंत्र वादकाच्या हाती पडले.

मानवी वादनात श्वास असतो. बासरीवादक थांबतो, सतारियाचा हात किंचित मागेपुढे होतो, ढोलकीवाला रंगात येऊन लय चढवतो. या बारीक फरकांतून 'कोणीतरी वाजवत आहे' ही जाणीव ऐकणाऱ्याला होत राहते. यंत्राची आवृत्ती थकत नाही आणि श्वासासाठी थांबतही नाही. पुढील सर्व विवेचन या एका फरकावर उभे आहे.

यंत्रस्वर ऐकताच परका वाटतो असे मात्र नाही. 1954 सालच्या 'नागिन' चित्रपटातील पुंगीची धून आजही लग्नाच्या वरातीत वाजते. हेमंत कुमार यांचे संगीत असलेल्या या चित्रपटातील ती पुंगी म्हणजे कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजवलेले क्लॅव्हायोलिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य होते. सोबत रवी यांचे हार्मोनियम होते. गारुड्याचा म्हणून आपण स्वीकारलेला आवाज यंत्राचा निघतो. तेव्हा यंत्रस्वराला स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. तो कोठे आणि कसा योजला आहे यावरून त्याला अर्थ प्राप्त होतो. शब्दाचेही तसेच आहे.

6.2.2 थरारपट : लांबवलेले क्रियापद

मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. पुढील अपुरे वाक्य पाहा : 'काल रात्री तुळजापूरच्या घाटात, वळणावर, दिवे विझवून थांबलेल्या ट्रकच्या मागे एक माणूस…' ऐकणारा अडकून पडतो. माणूस उभा होता? पडला होता? लपला होता? सांगणारा जितकी विशेषणे वाढवील तितकी ही ओढ वाढते. क्रियापद उच्चारले की ताण सुटतो, मग बातमी वाईट का असेना.

संगीतात क्रियापदाचे काम सम करते. ताल फिरून समेवर आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. थरारपटाचे पार्श्वसंगीत ही सम पुढे ढकलत राहते. जॉन कार्पेंटर या अमेरिकी दिग्दर्शकाने 1978च्या 'हॅलोवीन'साठी स्वतःच संगीत रचले. त्यातील पियानोची छोटीशी स्वरावली पाचाच्या हिशेबात फिरते आणि खाली सिंथेसायझरचा खर्ज दाटून राहतो. चाराच्या हिशेबाला सरावलेल्या कानाला दर आवर्तनात काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटते. पडद्यावर केवळ रिकामी गल्ली असली तरी प्रेक्षक सावध होतो.

त्याआधी, 1963च्या 'द बर्ड्‌स'मध्ये आल्फ्रेड हिचकॉक याने रूढ पार्श्वसंगीत वगळले आणि पक्ष्यांच्या हल्ल्यांसाठी ट्राउटोनियम या जर्मन इलेक्ट्रॉनिक वाद्यावर ओस्कार साला याने घडवलेले ध्वनी वापरले. तेथे चीत्कार कोठे संपतो आणि संगीत कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. पुढे 1978च्या 'मिडनाइट एक्सप्रेस'साठी जॉर्जो मोरोडर याला सर्वोत्कृष्ट पार्श्वसंगीताचे ऑस्कर मिळाले आणि यंत्रसंगीताला चित्रपटसृष्टीत प्रतिष्ठा लाभली.

6.2.3 प्रवासपट : रस्ता आणि आवर्तन

उमरग्याहून नळदुर्गमार्गे सोलापूरला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून आपण प्रवास केला असेल. विजेचे खांब, दुभाजकावरील पांढरे पट्टे, मैलाचे दगड ठरावीक अंतराने मागे पडतात. प्रत्येक खांब मागच्यासारखाच असतो; तरीही आपण पुढे सरकत असतो. तेच ते आणि तरीही पुढे, असा हा अनुभव आहे. सिक्वेन्सरची ओळ नेमका हाच अनुभव ध्वनीत देते. स्वर तेच राहतात. संगीतकार केवळ गाळणी हळूहळू उघडतो आणि उजाडत असल्याचा किंवा वेग वाढत असल्याचा भास होतो.

थरार आणि रस्ता यांची गाठ विल्यम फ्रीडकिन याच्या 1977 सालच्या 'सॉर्सरर' या चित्रपटात स्पष्ट दिसते. चार परागंदा माणसे नायट्रोग्लिसरीन पाझरणारे डायनामाइट दोन ट्रकांत भरून जंगलातील खराब रस्त्याने नेतात. एक जोराचा धक्का बसला तरी सर्व संपणार, अशी स्थिती. याचे संगीत टँजरिन ड्रीम या जर्मन गटाने चित्रीकरण न पाहताच, कथेच्या आधारे रचले. त्यामुळे ते प्रत्येक हालचालीच्या मागे धावत नाही; पात्रांनी कधी घाबरावे हे सांगत नाही. ते स्वतःच्या गतीने चालत राहते. ज्या प्रवासात माणसाच्या इच्छेला काही मोल उरलेले नाही, तेथे ही अलिप्तता परिणामकारक ठरते.

आता मुख्य प्रश्नाचे उत्तर देता येईल. थरारपटात आपण घटनेची वाट पाहतो, प्रवासपटात मुक्कामाची. दोहोंचा गाभा प्रतीक्षेचा काळ हा आहे. न थकणारी, न थांबणारी आवृत्ती हा काळ श्रवणीय करते.

6.2.4 मुंबईतील स्थित्यंतर : वाद्यवृंदाकडून संगणकाकडे

मराठीतील गाजलेला रहस्यपट 'पाठलाग' 1964 साली आला. राजा परांजपे यांचे दिग्दर्शन आणि दत्ता डावजेकर यांचे संगीत असलेल्या या चित्रपटावरून 1966मध्ये हिंदीत 'मेरा साया' निघाला. त्या काळी पार्श्वसंगीत म्हणजे स्टुडिओत एकत्र बसलेला वाद्यवृंद. संगीतकाराची चाल ऐकून तिचे स्वरलेखन करणारा, कोणत्या वाद्याने कोठे यावे हे ठरवणारा संयोजक या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी होता. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी ही परंपरा घडवली. अष्टपैलू पारशी वादक केरसी लॉर्ड यांनी 1970च्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओंत आणला. तेव्हा ते वाद्यवृंदात आलेले आणखी एक वाद्य होते. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982मध्ये रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. 2010मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर तिची चर्चा झाली.

1990च्या दशकात चित्र पालटले. वाद्यांचे ध्वनी नमुन्यांच्या रूपाने संगणकात साठवता येऊ लागले आणि एकटा माणूस खोलीत बसून वाद्यवृंदाचा आभास निर्माण करू लागला. पार्श्वसंगीतकार हा गीतांच्या संगीतकाराहून वेगळा, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून पुढे आला. 1998च्या 'सत्या'ची गीते विशाल भारद्वाज यांची, तर पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचे आहे. एका मराठी घरातही हे स्थित्यंतर पाहता येते. अनिल मोहिले हे नामवंत व्हायोलिनवादक आणि संयोजक. 'अष्टविनायक'चे संगीत त्यांनी अरुण पौडवाल यांच्यासह 'अनिल-अरुण' या नावाने दिले. त्यांचे पुत्र अमर मोहिले यांनी 'एक हसीना थी' (2004) आणि 'सरकार' (2005) या थरारपटांचे पार्श्वसंगीत केले. 'सरकार'मधील 'गोविंदा'चा घोष अनेकांच्या कानांत असेल.

या बदलाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. रोजच्या ध्वनिमुद्रणावर ज्यांचे घर चालत होते, अशा व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, ढोलक वाजवणाऱ्या कलावंतांचे काम झपाट्याने घटले. संगणकातील व्हायोलिनचा नमुना हा कोणा एका वादकाने एकदा वाजवलेला स्वर असतो. तो हजार वेळा वापरला जातो, वादकाला मात्र पुन्हा बोलावणे येत नाही. त्याच तंत्रामुळे तुटपुंज्या खर्चात चित्रपट करणाऱ्यांना स्वतःचे पार्श्वसंगीत परवडू लागले, हेही तितकेच खरे. अभ्यासकाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात.

6.2.5 आपल्या परिसरातील आवृत्ती

न थांबणारा एकच स्वर आपल्याला नवा नाही. भवानीच्या गोंधळात तुणतुण्याची एकुलती तार कथा संपेपर्यंत वाजत राहते. गोंधळी आख्यान लावतो, मध्येच निरूपण करतो, श्रोत्यांना हसवतो. तुणतुणे तेवढे सुटत नाही. कथेचा धागा तुटलेला नाही, याची ती खूण असते. हे कार्य सिक्वेन्सरच्या कार्याशी मिळतेजुळते आहे. भेद आहे तो हाताचा. रात्र चढते तसा तुणतुणेवाल्याचा हात जड होतो, पुन्हा सावरतो, आणि ते ऐकणाऱ्याला कळते. यंत्राजवळ रात्र चढत नाही. गोंधळातील आवृत्ती सोबत देते आणि थरारपटातील आवृत्ती एकटे पाडते, यामागील एक कारण येथे सापडते.

6.3 सारांश

इलेक्ट्रॉनिक स्वराला उपजत अर्थ नसतो; योजनेतून तो येतो. श्वास नसलेली आवृत्ती प्रतीक्षेचा काळ जाणवून देते, म्हणून ती थरारपट व प्रवासपट या दोहोंना मानवते. सम पुढे ढकलणे हे वाक्यातील क्रियापद लांबवण्यासारखे आहे. मुंबईत या तंत्राने नवे व्यावसायिक घडवले, तसेच अनेक वादकांच्या हातचे काम काढून घेतले. पार्श्वसंगीत ऐकताना दोन प्रश्न विचारावेत : हा स्वर आपल्यापासून काय रोखून धरत आहे? आणि यामागे कोणाचा हात आहे?

6.4 स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. मानवी वादन आणि सिक्वेन्सरची आवृत्ती यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
2. 'थरारपट व प्रवासपट यांचा गाभा प्रतीक्षा हा आहे.' या विधानाची चर्चा करा.
3. 1990च्या दशकातील तंत्रबदलाचे मुंबईतील वादकांवर झालेले परिणाम सांगा.

6.5 क्षेत्रीय काम

(अ) 'हायवे' (2015) या मराठी चित्रपटातील अथवा आपल्या आवडीच्या प्रवासपटातील पाच मिनिटांचा भाग प्रथम आवाज बंद करून व नंतर आवाजासह पाहा. जाणवलेला फरक 'भीतिदायक', 'छान' ही विशेषणे टाळून दहा ओळींत लिहा.

(आ) आपल्या गावातील गोंधळी, आराधी किंवा हलगीवादक यांची भेट घ्या. रात्रभराच्या वादनात लय कोठे बदलते आणि का, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. त्यांनी वापरलेले खास शब्द जसेच्या तसे नोंदवा; ते कोशात असतीलच असे नाही.