कितीची गोळी, किती दिवस?

सकाळी ६.२०

गॅसवर चहा ठेवलेला असतानाच फोन वाजतो. "मॅडम, आज मोठे डॉक्टर नक्की आहेत ना?" आवाज बाईचा आहे, मागे एसटी स्टँडचा गोंगाट. मागच्या खेपेला हे नवराबायको साठ किलोमीटरवरून आले आणि नेमके त्याच दिवशी डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेले. नवऱ्याचं पूर्ण तिकीट, हिचं अर्धं (१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे, तेवढाच आधार), दोघांचाही रोज बुडाला आणि हाती काही न लागता परत जावं लागलं. तेव्हापासून दूरच्या लोकांना मी माझा नंबर देऊन ठेवते. "आहेत, या. आणि येताना आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, रिकामी असली तरी आणा," असं सांगून फोन ठेवते.

मी एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मनोविकार सामाजिक कार्यकर्ती आहे. लोक 'समुपदेशनवाल्या मॅडम' म्हणतात. नोकरी कंत्राटी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला, त्याच कार्यक्रमातली माझी जागा. एका जिल्ह्याला एक मनोविकारतज्ज्ञ, एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, एक सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका, असं पथक कागदावर असतं. आमच्याकडची मानसशास्त्रज्ञाची खुर्ची चौदा महिने रिकामी आहे.

८.४५

केसपेपरच्या खिडकीवर रांग लागली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि औषधं निःशुल्क आहेत. तरी अजून कितीतरी लोक मुठीत दहाची नोट धरून उभे असतात.

आमच्या खोलीबाहेर दोन बाकं आहेत आणि ती बहुतेक रिकामीच राहतात. आमचे रुग्ण समोरच्या नेत्रविभागाच्या बाकावर बसतात. कुणी ओळखीचं भेटलं तर डोळे दाखवायला आलोय म्हणता येतं. हे माहीत असल्यामुळे शिपाईमामा नाव पुकारत नाहीत. जवळ जाऊन हळूच सांगतात, "चला, तुमचा नंबर आला."

१०.०५

सकाळच्या फोनवालं जोडपं. तो अडतीस वर्षांचा, शाळेच्या मुलांची गाडी चालवायचा. (ओळख पटू नये म्हणून इथले सगळेच तपशील मी थोडे बदलले आहेत.) सहा वर्षांपूर्वी घाटात गाडी चालवताना एकदम छातीत धडधड, हातांना मुंग्या, घशाला कोरड आणि 'आता मी मरतो' अशी खात्री. गाडी बाजूला घेऊन तो रस्त्यावर आडवा झाला. पुढे आधी घाट सुटला, मग हायवे, मग गाडीच सुटली. आता तो भावाच्या किराणा दुकानात बसतो, तेही दुसरं कुणीतरी सोबत असेल तरच.

त्याने टेबलावर कापडी पिशवी रिकामी केली. अकरा ईसीजी, दोन टूडी इको, एक एंडोस्कोपी, मेंदूचा एमआरआय. सगळे नॉर्मल. या नॉर्मल कागदांपायी बायकोचं गंठण गेलं आणि दोन म्हशी गेल्या. मधल्या काळात एका देवस्थानाला सात अमावास्या झाल्या. "सगळे उपाय करून झाले, मॅडम. कशानंच गुण नाही. आता फक्त बंगळूरला न्यायचं राहिलंय, पण तेवढा पैसा कुठून आणायचा?" हे बायको बोलली. तो खाली बघत होता.

'सगळे उपाय करून झाले' हे वाक्य मी रोज ऐकते. ते ऐकलं की मी एक कोरा कागद घेते आणि चार रकाने आखते : गोळीचं नाव, कितीची, किती दिवस, का थांबवली. या कागदाला आमच्याकडे अर्धा तास लागतो. बाहेर चाळीस माणसं असताना तो अर्धा तास काढणं अवघड असतं, तरी मी काढते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

त्याचा कागद असा झाला. एस्सिटालोप्राम, ५ मिलिग्रॅम, बारा दिवस. मळमळ आणि जास्त घाबरायला झालं म्हणून बंद. दुसऱ्या डॉक्टरांकडे सरट्रालिन, २५ मिलिग्रॅम, तीन आठवडे. फरक नाही म्हणून बंद. तिसऱ्यांकडे धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल. आणि अल्प्राझोलाम चार वर्षं, सुरुवातीला कधीमधी, आता रोज दोन. चौथ्या रकान्यात एकदा 'पैसे संपले' असंही आलं.

म्हणजे या माणसावर उपचार फसले असं म्हणायला आधी ते पुरते व्हायला हवे होते, आणि ते झालेच नव्हते. भीतीच्या आजारावरच्या या मुख्य गोळ्यांचा गुण पुरेशा मात्रेवर पोचल्यावर चार ते सहा आठवड्यांनी दिसायला लागतो, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. सुरुवातीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत घाबरणं उलट वाढू शकतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे बाराव्या दिवशी त्याने गोळी फेकली. आणि जिने लगेच बरं वाटतं, ती अल्प्राझोलाम शरीराला सवय लावते. डोस उतरायला लागला की जे घाबरल्यासारखं होतं, तोच त्याला आजार वाटतो.

कागद घेऊन मी आत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ लिहून दिलं. वाढलेला थायरॉइड हुबेहूब असाच वागतो, आणि अकरा ईसीजी काढणाऱ्यांपैकी एकानेही तो तपासला नव्हता. मग चहा विचारला. दुकानात बसल्याबसल्या दिवसाला आठनऊ कप, सोबत तंबाखू. सरट्रालिन पुन्हा सुरू, पण या खेपेला मात्रा ठरल्याप्रमाणे वाढवत न्यायची आणि पहिले पंधरा दिवस दर तीन दिवसांनी मी फोन करायचा. अल्प्राझोलाम आज बंद करायची नाही. ती एकदम तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या हिशोबाने आठवड्याआठवड्याने उतरवायची. वाचणाऱ्यांपैकी कुणी ती रोज घेत असेल तर कृपा करून आपल्या मनाने सोडू नका.

जाताना त्याने पहिल्यांदा वर बघून विचारलं, "म्हणजे अजून काही बाकी आहे?" मी म्हटलं, "दादा, तुमचं अजून सुरूच झालं नव्हतं."

११.४०

आज्जींची गोष्ट वेगळी आहे. वय एकसष्ट, सुनेबरोबर येतात. त्यांचा चार रकान्यांचा कागद मी महिन्यापूर्वीच केला, आणि तो भरलेला निघाला : दोन गोळ्या, दोन्ही पुऱ्या मात्रेत, दोन्ही तीन तीन महिने. निदान 'तीव्र चिंता'. गुण आलेला नाही. खऱ्या अर्थाने उपचार फसलेली माणसंही असतात. त्यांना 'तुम्ही नीट घेतल्या नसतील' म्हणणं हा अन्याय आहे.

अशा वेळी गोळी बदलायच्या आधी निदान पुन्हा तपासायचं असतं. त्याला वेळ लागतो, आणि माणूस एकटं असावं लागतं. सुनेला मी रक्ताचा रिपोर्ट आणायला पाठवलं. आज्जी बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, मी विळीवर बसत नाही आता."

"कधीपासून?"

"नातू रांगायला लागल्यापासून."

विळी समोर असली आणि नातू जवळ आला की डोक्यात एक भयंकर चित्र येतं. ते आपल्याच हातून घडेल अशी धास्ती बसते. म्हणून विळी माळ्यावर गेली, सुरी गेली, नातवाला घेणं गेलं. त्यांचा दिवसभर नामजप चाललेला असतो, एक माळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. सून म्हणते, सासूबाई फार देवभोळ्या झाल्यात. अडीच वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील आणि नातू कायमचा तुटेल.

हा मंत्रचळ आहे, डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. ज्याला हा आजार असतो त्याला त्या विचारांची किळस येते, म्हणूनच तो इतका घाबरतो. यात गोळीची मात्रा पुष्कळदा जास्त लागते, वाट जास्त पाहावी लागते, आणि ज्याची भीती त्याच्यासमोर हळूहळू बसायला शिकवणारी वर्तनोपचाराची पद्धत लागते. मी त्यांना सांगितलं की असे विचार आलेल्या आया आणि आज्ज्या या खुर्चीवर पुष्कळ बसून गेल्या आहेत. त्या रडल्या नाहीत. पदर सोडला आणि म्हणाल्या, "सुनेला तुम्हीच सांगा."

सांगितलं. सून सुन्न झाली. मग तिने सासूच्या हातावर हात ठेवला.

दुपारी १.३०

औषधखिडकी. आज सरट्रालिन आहे. गेल्या महिन्यात तीन आठवडे नव्हती. अशा वेळी लोक बाहेरच्या दुकानात जातात, किंमत ऐकतात आणि निम्मी गोळी खातात किंवा एक दिवसाआड खातात, आणि पुन्हा 'गुण नाही' होतं. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहून मी जनऔषधी केंद्राचा रस्ता सांगते. तिथे तीच गोळी ब्रँडच्या किमतीच्या निम्म्याहून कमीत मिळते.

३.००

दूध संकलन केंद्रावरचा चोवीस वर्षांचा मुलगा, सातवी बैठक. घाबरण्याच्या झटक्यांमुळे बँकेच्या रांगेत उभं राहता येत नव्हतं. डबा घाईने गिळून मी जिन्यापाशी येते. आमचा उपचार जिन्यावरच चालतो.

याच्या शर्टाच्या खिशात कायम अल्प्राझोलामची एक पट्टी असायची. घ्यायचा क्वचितच, पण खिशात हवी, ताईतासारखी. पाण्याची बाटली हवी, मोबाइल चार्ज हवा, कोपऱ्यातली जागा हवी. असे ताईत भीतीला जगवतात. धडधड आपोआप उतरली तरी माणसाला वाटतं, पट्टी होती म्हणून वाचलो.

तर आम्ही तीन मजले पळत चढतो. वर पोचल्यावर तो कठड्याला न टेकता उभा राहतो. छाती धाडधाड वाजते आहे, घाम आहे, श्वास चढला आहे, म्हणजे झटक्यात जे होतं ते सगळं आत्ता मुद्दाम आणलेलं आहे. त्याने काहीही करायचं नाही. पाणी प्यायचं नाही, दीर्घ श्वास घ्यायचा नाही, मला विचारायचं नाही. फक्त भीती दहापैकी किती ते सांगायचं. आठ. आठ. सात. चार मिनिटांनी पाच. सहा मिनिटांनी तीन. मग पुन्हा खाली आणि पुन्हा वर. (हे सुरू करण्याआधी डॉक्टरांनी त्याचं हृदय तपासलं होतं. ज्यांचं तपासलेलं नाही त्यांनी हे घरी करू नये.)

तिसऱ्या फेरीला आकडा सहाच्या वर गेला नाही. निघताना त्याने खिशातली पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे इथं."

हा उपचार करायला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. लागतो शिकलेला माणूस आणि बारा-पंधरा बैठकांचा वेळ. शहरात खाजगीत एका बैठकीला हजार-दीड हजार सहज जातात. हा मुलगा महिन्याला नऊ हजार कमावतो.

४.३०

फोनची वेळ. कोण आलं नाही, कुणाची गोळी संपली, कुणाचं गाव पाण्याअभावी स्थलांतरित झालं. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर काय करायचं, असं प्रत्येक जण विचारतो. त्यांना १४४१६ हा आकडा लिहून देते. टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नको झालं असेल तर सकाळची वाट न पाहता याच आकड्यावर बोलावं किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावं.

मग नोंदवही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं अठरावं कलम मी पाठ केलं आहे. परवडणारे मानसिक उपचार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. असा खर्च परत मिळालेला एकही माणूस माझ्या टेबलापर्यंत आलेला नाही. त्या गंठणाचा आणि म्हशींचा हिशोब मी कोणत्या रकान्यात लिहू?

५.५०

खोली बंद करताना आजचा आकडा लिहिते : त्रेचाळीस रुग्ण. त्यांतल्या सव्वीस जणांच्या केसपेपरवर डॉक्टरांनी 'वर्तनोपचार' असं लिहिलं आहे. मला आठवड्यात अशा सहा बैठका घेता येतात, त्याही जेवणाची वेळ कापून. आज्जींचं नाव मी त्या यादीत वर घेतलं, म्हणजे कुणाचं तरी खाली गेलं.

ड्रायव्हरदादांच्या बायकोचा मेसेज आला आहे : एसटीत यांना खिडकीपाशी बसवलं, घाटात डोळे मिटले पण उतरले नाहीत. शुक्रवारी मी त्यांना फोन करायचा आहे.

टेबलाच्या खणात दुधवाल्या मुलाची पट्टी आहे, टेबलापलीकडे मानसशास्त्रज्ञाची खुर्ची. ज्यांच्या सहीने ती भरते त्यांच्यापर्यंत हे पोचत असेल तर माझं एवढंच मागणं आहे : ती खुर्ची भरा.