आधी साचा, मग गिटार

वीट कशी पाडतात हे तुम्हांला सांगायला नको. लाकडी साच्यात चिखल दाबायचा, साचा उचलायचा, वीट तयार. पण लाकूड म्हणजे काही चिखल नव्हे. ते साच्यात कसं बसणार? बसतं. आम्ही ते बेलापुरात पाहिलं.

आम्ही शाळेत नोकरी केली ती मिरजेकडे. आता मुलाजवळ नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला राहतो. आमच्या इमारतीत एक तरुण आहे. सुट्टीच्या दिवशी तो गिटार बनवतो. गिटार म्हणजे सहा तारांचं वाद्य. सिनेमात तुम्ही ते पाहिलं असेल. त्याच्या पोटाला डमरूसारखी कंबर असते.

महिना झाला तरी गिटारचा पत्ता नाही. नुसते ठोकळे आणि फळ्या. आम्ही विचारलं, "अरे, गिटार कधी करणार?"

तो म्हणाला, "काका, आधी साचे. मग गिटार."

आम्ही मनात म्हटलं, हातात कसब नाही त्याला साचे लागतात. मिरजेच्या सतारमेकरांना कुठे लागतात? पुढे आमची चूक आम्हांला कळली.

आधी साचा कसा असतो ते ऐका. जाड फळ्या एकावर एक चिकटवून मोठा ठोकळा करतात. त्यातून गिटारच्या आकाराचं पोट कोरून काढतात. ठोकळ्याचे दोन भाग असतात, ते बोल्टने जोडलेले. गिटारच्या बाजूची पट्टी जेमतेम २ मिलिमीटर जाड. कोरडी वाकवली तर कडकन मोडेल. म्हणून ती ओली करायची आणि तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाबायची. वेळूची काठी सरळ करायला आपण ती विस्तवावर शेकतो ना? तीच युक्ती. उष्णतेनं लाकूड मऊ होतं, निवलं की वाक धरतं.

पण लाकूड हट्टी. सोडलं की थोडं उलटं उघडतं. म्हणून वाकवलेल्या दोन पट्ट्या साच्यात बसवतात. आतून आडव्या दांड्या देऊन त्या साच्याच्या भिंतीला दाबून धरतात. मग दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे चिकटवून पट्ट्या जोडतात.

एवढ्या पातळ कडेवर वरची फळी चिकटणार कशी? त्यासाठी कडेला आतून एक बारीक, काप दिलेली लाकडी फीत चिकटवतात. ती वाळेपर्यंत धरायला काय लागतं, ओळखा पाहू! कपडे वाळत घालायचे चिमटे. चिमटे हरवतात म्हणून त्याच्या आईची रोज तक्रार असे. ते कुठे जातात हे आम्हांला तेव्हा उमगलं.

आता मिरजेची गोष्ट. तिथले शिकलगार पूर्वी तलवारींना धार लावत. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सरलं. मग ते तंतुवाद्यांकडे वळले. त्यांत फरीदसाहेबांचं नाव आजही घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूर भागातून येतात. भोपळा वेलावरच आपला आकार घेतो. कारागीर त्याच्या बेतानं लाकूड घडवतो. म्हणून दोन तंबोरे अगदी सारखे नसतात.

आणखी एक फरक आहे, आणि तोच मोठा. सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या सळया, दोऱ्यानं बांधलेले असतात. सूर चुकला तर पडदा सरकवता येतो. गिटारचे पडदे लाकडात खाच पाडून कायमचे ठोकलेले. तिथे चूक झाली की झाली.

आम्ही कसबाची गोष्ट काढली, तेव्हा त्या मुलानं भिंतीवरची एक गिटार खाली काढली. दिसायला सुंदर. त्यानं ती वाजवली. वरचे सूर ठीक होते. हात जसजसा पोटाकडे सरकला तसतसे सूर बेसूर होत गेले. ती त्याची पहिली गिटार. तीन महिन्यांची मेहनत. पडद्यांच्या खुणा त्यानं पट्टी-पेन्सिलीनं केल्या होत्या, आणि प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून मोजली होती. दर वेळी केसाएवढी चूक. बाराव्या पडद्यापर्यंत ती साठत गेली.

तारेची लांबी ६५ सेंटिमीटर धरा. पहिला पडदा वरच्या टोकापासून ३६.५ मिलिमीटरवर येतो. दुसरा त्याच्यापुढे ३४.४ मिलिमीटरवर. अंतर असं कमी कमी होत जातं आणि बारावा पडदा नेमका मध्यावर, ३२.५ सेंटिमीटरवर येतो. म्हणून सगळी मापं वरच्या टोकापासूनच घ्यायची.

आता त्यानं धातूची एक पट्टी केली आहे. तिच्या कडेला प्रत्येक पडद्यासाठी एक खाच आहे. ही पट्टी दांडीवर बसणाऱ्या फळीला चिकटवायची. फळी एका लाकडी पेटीत सरकवायची. पेटीत एक खिळा आहे. खाच त्या खिळ्यात अडकली की फळी हलत नाही, आणि करवत नेमकी तिथेच पडते. ही पट्टी करायला त्याला चार रविवार लागले. बावीस खाचा कापायला मात्र एक दुपार पुरली.

पहिली गिटार त्यानं परत भिंतीला लावली. मोडून टाक म्हटलं, तर ऐकत नाही. दुसरी अजून साच्यात आहे, वरची फळी बसायची आहे. आईचे चिमटे मात्र परवा परत मिळाले.