शुश्रूषेला पुराव्याची जोड

घरातील एखादी वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली की सारे कुटुंब तिच्या सेवेला लागते. काही दिवसांनी माकडहाडाजवळची त्वचा लाल दिसू लागते. मग कोणी तेथे स्पिरिट चोळून पावडर लावतो, कोणी मध्ये भोक असलेली हवेची उशी आणतो, तर कोणी टाचेखाली पाण्याने भरलेला हातमोजा ठेवतो. हेतू निर्मळ असतो, कष्टही अपार असतात. तरीही जखम होते. अशा वेळी प्रश्न पडतो: आपली सेवा कमी पडली, की सेवेची रीतच चुकली?

या जखमेला शय्याव्रण अथवा बेडसोअर म्हणतात. हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दीर्घकाळ दाबली गेली की तेथील रक्तपुरवठा खुंटतो व पेशी मृत होतात. इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि 1962 साली तो प्रसिद्ध केला. त्वचेला काय लावले यापेक्षा रुग्णाची कूस नियमितपणे बदलली की नाही, यावरच बरेच काही अवलंबून असते, असे त्यातून दिसून आले. लाल झालेली जागा चोळू नये आणि भोक असलेली उशी व पाण्याचे हातमोजे वापरू नयेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. चोळण्याने आतील नाजूक पेशींना अधिक इजा होऊ शकते, तर गोल उशीच्या कडेचा दाब भोवतालच्या त्वचेवर पडतो.

संशोधनाचे निष्कर्ष, परिचारिकेचा अनुभव आणि रुग्णाची स्थिती व इच्छा या तिन्हींचा मेळ घालणे म्हणजे पुराव्यावर आधारित शुश्रूषा होय. तिने खरोखर लाभ होतो का, हे ठरविण्यासाठी मोजणी आणि तुलना करावी लागते. एक रुग्ण बरा झाला, एवढ्यावरून उपाय सिद्ध होत नाही. तो एरवीही बरा झाला असता. म्हणून रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडतात, प्रत्येक गटाला वेगळी शुश्रूषा देतात आणि शेवटी किती जणांना जखमा झाल्या ते मोजतात.

अशी मोजणी कधी कधी रूढ नियमालाही प्रश्न विचारते. दर 2 तासांनी कूस बदलावी, हा परिचर्येतील जुना दंडक आहे. अमेरिका व कॅनडातील 27 शुश्रूषागृहांतील 942 वृद्धांवर केलेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांची कूस दर 2, 3 किंवा 4 तासांनी बदलण्यात आली. 3 आठवड्यांत एकूण 19 जणांना व्रण झाले आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र हे सर्वजण दाट फोमच्या विशेष गादीवर होते आणि त्यांच्या त्वचेवर सतत लक्ष होते. अतिशय धोक्याच्या स्थितीतील रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. म्हणून घरातील कापसाच्या गादीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पुरावा कोणत्या परिस्थितीतला आहे, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे असते.

पुराव्यामुळे रुग्णसेवा सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. पण आपण केलेल्या बदलाचे फळ पुन्हा तपासत राहिलो तरच.

घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांनी त्याची माकडहाड, नितंब व टाचा रोज पाहाव्यात. लाल जागेवर बोट दाबून सोडावे. तेवढ्यापुरतीही लाली फिकी पडली नाही, तर धोका समजून त्या जागेवरील दाब लगेच काढावा व डॉक्टर किंवा परिचारिकेचा सल्ला घ्यावा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे उष्णता, कडकपणा वा वेदना जाणवते का ते पाहावे. रुग्णाला ओढू नये, चादरीच्या साहाय्याने उचलून सरकवावे. कूस केव्हा बदलली, त्याची वेळ एका वहीत लिहून ठेवावी. रात्री जागणाऱ्या लेकी-सुनांचे कष्ट त्यामुळे योग्य ठिकाणी खर्ची पडतील.